इरिदेताईचा अंगठा

आमचे दाजी, लेआर्को, रिमिनीत बस चालवायचे. पण गावात त्यांची ओळख होती ती नाचामुळे. वॉल्ट्झ आणि माझुर्का शिकवताना ते नाकावर माशी बसू देत नसत. निवृत्त झाल्यावर दर उन्हाळ्यात ते आणि माझी थोरली बहीण इरिदे जुन्या गाडीतून समुद्राकाठाने दक्षिणेकडे निघत. सकाळी चर्च, किल्ले बघायचे, संध्याकाळी कुठल्याशा अंगणात जोडप्यांना नाच शिकवायचा. मागच्या सीटवर मांडीवर अकॉर्डियन घेऊन मी, त्यांचा फुकटचा वाजंत्री. यंदा शेवटचा मुक्काम ओत्रांतो होता. तिथल्या चर्चची चित्रांची फरशी ताईला दाखवायचं दाजींनी लग्नातच कबूल केलं होतं.

वाटेत आंकोना गावात दाजी माझुर्काच्या मध्यावर अडले. कुठे वळायचं ते आठवेना. ताईने त्यांच्या खांद्यावर ठेवलेल्या आपल्या हाताचा अंगठा हळूच दाबला आणि त्यांना वळवलं. तेव्हापासून ती त्यांना रोज असंच गुपचूप नाचवत होती. आमच्या नाचात पुरुष नेतो आणि बाई मागे जाते. दाजींना तर त्याचाच अभिमान.

"त्यांना कळलं तर?" मी तिला विचारलं.

"ओत्रांतोपर्यंत नाही कळणार. आणि तू तोंड उघडलंस तर बघ!"



बार्लेत्तात घात झाला. चर्चच्या अंगणात दाजी ओरडत होते, "पुरुषांनो, तुम्ही न्या! बाई आपोआप येते!" आणि पुरुष सगळे उलटे, पाठीमागे सरकत एकमेकांवर आदळत होते.

साबीनो नावाचा मासेवाला धापा टाकत म्हणाला, "गुरुजी, बायको घरात फुकट ढकलते. इथे पैसे भरून ढकलून घेऊ का?"

सगळे हसले. त्याची बायको फिलोमेना फणकारली, "मला काय बोलतोस? बाईंचं बघून बघून शिकले मी. त्यांचा अंगठा बघ की! गुरुजींना त्याच नेतात."

हसू थांबलं. दाजींनी आपल्या खांद्यावरचा ताईचा हात पाहिला, तो काढला आणि ते निघून गेले. माझा असा संताप झाला की फिलोमेनाच्या डोक्यात अकॉर्डियन घालावासा वाटला. पण तिची तरी काय चूक? तिने नीट पाहिलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्रानीला गेलो. समुद्रालगतचं पांढरं चर्च समोर होतं, पण दाजी त्याच्याकडे पाठ करून बसले.

"कधीपासून?"

"आंकोनापासून," ताई म्हणाली.

"मला वाटत होतं, मी नाचतोय."

ताईने त्यांचा हात धरायला हात पुढे केला. त्यांनी तो झिडकारला.

"चला, घरी जाऊ या," ती म्हणाली.

"आणि घरी जाऊन काय करू? खुर्चीत बसून भिंत बघू?"

ताई रडली नाही. मी रडलो, आणि दोघांनीही मला झापलं.

संध्याकाळी बार्लेत्तात परतल्यावर दाजी इस्त्रीचा शर्ट आणि पांढरे बूट घालून चर्चच्या त्याच अंगणात आले. सगळे त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. त्यांनी ताईसमोर उभं राहून आपला डावा हात तिच्या खांद्यावर ठेवला, बाई ठेवते तसा.

"आज बायका नेतील," ते सगळ्यांना म्हणाले. मग ताईला हळूच, "ने मला. पण लपवून नको."

सगळ्यांदेखत ताईने हाताने त्यांची पाठ नीट धरली. साबीनोने मुकाट्याने फिलोमेनाच्या खांद्यावर हात ठेवला. मी वॉल्ट्झ सुरू केला. दाजींनी डोळे मिटले. तिने वळवलं की ते वळत होते, चाल मात्र अजून त्यांचीच होती.

धून संपत आली. आता ताईने थांबायची खूण करायची, मग मी भाता मिटायचा, आमचं असंच ठरलेलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही म्हणून.

मी धून पुन्हा पहिल्यापासून धरली.