चौथा बॅटर कुठे गेला?

चीफ आधी पेन्सिलीला टोक काढत, मग वहीत तारीख लिहीत आणि त्यानंतरच टीव्ही लावत. शनिवारी सकाळी सिंगापूरमधल्या बुकित बातोकच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये अमेरिकेतला बेसबॉलचा सामना सुरू झाला, की गप्पा बंद. एकेक चेंडू वहीत उतरत जाई. ते मूळ दापोलीचे. चाळीस वर्षं त्यांनी जहाजांची इंजिनं सांभाळली, चीफ इंजिनिअर होऊन निवृत्त झाले आणि या खेळाची चटक त्यांना जपानच्या बंदरांत लागली.

“बाबा, इट्स जस्ट अ गेम लाह!” त्यांची मुलगी म्हणायची.

“इंजिनसुद्धा जस्ट लोखंडच असतं,” चीफ मान वर न करता म्हणत.

मी समोरच्या ब्लॉकमध्ये राहणारा, बँकेत नोकरी करणारा, क्रिकेटवर वाढलेला. पहिल्यांदा गेलो तो शेजारधर्म म्हणून. पिचरकडे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडे, कसं बघायचं ते चीफनी शिकवलं. “फटके मारणाऱ्यांचे फोटो निघतात, बँकर साहेब. जहाज चालवतो तो हा.”

एकदा त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि नेमका त्यांच्या आवडत्या पिचरचा सामना आला. डॉक्टरांनी स्क्रीन बंद केली होती. चीफनी वही माझ्या हातात दिली. “निकाल सांगू नकोस. चेंडू लिहून आण. मी वाचेन.” ती वही त्यांनी आजवर कुणाला हात लावू दिली नव्हती.

तीन इनिंग मी मन लावून लिहिल्या. तीन बाद झाले की इनिंग संपते; नऊ बॅटर आले, नऊ परत गेले. चौथी सुरू होताना ऑफिसचा फोन आला आणि मी बाहेर कॉरिडॉरमध्ये गेलो. परतलो तेव्हा पाचवी नुकतीच सुरू होत होती. सामना मागे नेऊन बघता आला असता. मी आळस केला. आतापर्यंत जे चाललं होतं तेच चाललं असणार, असं धरून चौथ्या इनिंगला तीन बॅटर बाद लिहून टाकले. पिचरने सामना एकट्याने शेवटपर्यंत ओढला आणि एक-शून्य असा जिंकून दिला.

दोन दिवसांनी चीफ वही वाचायला बसले. बोट एकेका चौकटीवरून सरकत होतं. पाचव्या इनिंगवर थांबलं.

“बॅटर ठरलेल्या क्रमाने येतात ना रे, नऊ झाले की पुन्हा पहिला? चौथ्या इनिंगला तिसऱ्यावर थांबलास. पाचवी सुरू होते पाचव्यापासून. चौथा बॅटर कुठे गेला? समुद्रात पडला?”

मी सगळं कबूल केलं. मान वर करवत नव्हती.

चीफ रागावले नाहीत. “नवा होतो तेव्हा मीही एकदा न बघितलेलं तापमान लॉगबुकात लिहिलं होतं. बेअरिंग जळालं. तेव्हापासून एकच नियम. बघितलं नसेल तर रेघ मारायची आणि तसं लिहायचं. त्यात लाज नाही.”

मग आम्ही ती इनिंग लावली. पिचरच्या सहकाऱ्याच्या चुकीने पहिलाच बॅटर थेट तिसऱ्या, म्हणजे धावेआधीच्या शेवटच्या बेसवर पोचला होता. एक साधा फटका, की धाव. पिचरने पुढच्या तिघांना चेंडूला बॅटही लावू दिली नाही. सामना तिथेच जिंकला गेला होता आणि मी नेमकं तेच गाळलं होतं. चीफनी ती इनिंग स्वतःच्या हाताने नव्याने लिहिली. माझं लिखाण मात्र खोडलं नाही, फक्त त्यावर एक रेघ मारली.

गेल्या वर्षी एका शनिवारी मी पुण्यात असताना त्यांच्या छातीत दुखू लागलं. ते हॉस्पिटलमधून परत आले नाहीत.

मुलीने वही मला दिली. “अँब्युलन्सवाले घाई करत होते आणि बाबा पेन्सिल मागत होते,” ती म्हणाली.

शेवटच्या पानावर सहा इनिंग आहेत. त्यांच्याखाली एक वाकडी रेघ, आणि खाली लिहिलेलं: ‘पुढचं बघितलं नाही.’

या माणसाने मला शेजारी बसवून घेतलं, याचा मला अभिमान वाटतो. त्या सामन्याचं पुढे काय झालं ते मला ठाऊक आहे. रेघेखाली मी काहीही लिहिलेलं नाही.