चिठ्ठी नसलेली वायर

सगळी वस्ती त्यांना उजेडराव म्हणायची. खरं नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं, पण ते वाचायला थांबतो कोण? कुणाचं इंटरनेट बंद पडलं की हा गृहस्थ शिडी खांद्यावर टाकून यायचा आणि भर दुपारी, लख्ख उन्हात विचारायचा, "उजेड येतोय का?" नवख्याला वाटायचं, उन्हानं डोकं फिरलंय. मग ते समजावून सांगायचे: वायरीच्या आत केसाएवढी बारीक काच असते, तिच्यातून प्रकाश धावतो, डोळ्यांना दिसत नाही एवढंच. तो घरातल्या डब्यापर्यंत पोचला तर हिरवा दिवा, नाही पोचला तर लाल. "झालं! बाकी सगळं कंपनीचं पाल्हाळ," असं म्हणत ते शिडी चढायचे.

खांबावरच्या प्रत्येक पेटीत सोळा खाचा, म्हणजे सोळा वायरी, म्हणजे सोळा घरं नाहीतर दुकानं. उजेडरावांनी प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधलेली. तिच्यावर नावं नसायचीच. 'शिंपी', 'पिवळं दार', 'भांडखोर आजोबा' असला मामला. (आजोबांनी एकदा ती वाचली आणि खांबाखाली उभं राहून भांडले. चिठ्ठी तशीच राहिली.) कुणी लाईन सोडली की त्याची चिठ्ठी काढायची. पेटीतून प्रकाश सोळाही खाचांतून येतो, पलीकडे कुणी असो वा नसो. त्यामुळे कुठली वायर चालू आणि कुठली बंद, ते चिठ्ठीच सांगणार. चिठ्ठी नाही ती वायर बेवारस, खुशाल उपटा! हा नियम उजेडरावांचाच, आणि बाकीचे वायरमन तो मुकाट्यानं पाळायचे.

ते शिडीवर असले की लोकांचे फोन बायको घ्यायची. एका हातानं भाजी परतत ती विचारायची, "दिवा कोणता? डबा बंद करा, दहा मोजा, परत चालू करा. वायर कुठे मुडपलीय का बघा." निम्म्या तक्रारी तिथेच मिटायच्या. "अर्धी वस्ती माझ्या बायकोच्या आवाजावर चालते," असं उजेडराव चारचौघांत मिरवायचे, पण तिला म्हणून कधी सांगायचे नाहीत.

आणि एक दिवस कंपनीला घरबसल्या तक्रारी ऐकणारी माणसं हवी झाली. बायकोनं अर्ज केला. मंगळवारी अकराला मुलाखत, कॉम्प्युटरवर, समोर तीन साहेब. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि तिच्या आयुष्यातली ही पहिलीच मुलाखत. सकाळीच तिनं साहेबांना दिसू नये म्हणून मागची कपड्यांची दोरी सोडली, खुर्ची भिंतीला पाठ करून ठेवली आणि विचारलं, "अहो, आज लाईन जाणार नाही ना?"

"माझ्या राज्यात? नाव बदलीन!"

पावणेअकराला ते गल्लीच्या तोंडाशी शिडीवर होते. तिथे दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नवा दवाखाना थाटला होता, त्यांना लाईन हवी होती. पेटी गच्च भरलेली. उजेडरावांनी चिठ्ठ्या चाळल्या आणि एक वायर सापडली बिनचिठ्ठीची. खुशीत उपटली, तिच्या खाचेत डॉक्टरीणबाईंची वायर बसवली. खिडकीतून आवाज आला, "आला, हिरवा आला!" उजेडराव दोन पायऱ्या उतरले नाहीत तोच फोन वाजला.

"अहो, लाल दिवा लागलाय," बायको म्हणाली. "दहा मोजून झाले. वायर मुडपलेली नाही. शेजारच्यांचं चालू आहे. म्हणजे पेटीत कुणीतरी हात घातलाय. कोण आहे पेटीपाशी?"

उजेडरावांनी उपटलेल्या वायरीकडे पाहिलं. बारा वर्षांपूर्वी स्वतःच्या घराची लाईन त्यांनी स्वतःच जोडली होती. आपल्याच घराला चिठ्ठी कशाला, म्हणून लावलीच नव्हती! आता थाप मारायची सोय होती. खोदकाम चाललंय म्हणता आलं असतं.

"मीच," ते म्हणाले.

"बरं. लावा परत. दहा मिनिटं आहेत."

त्यांनी डॉक्टरीणबाईंची वायर काढली. खिडकीतून लगेच ओरडा आला. "माझी चूक झाली, डॉक्टर," उजेडराव वरूनच म्हणाले. "चालू वायर काढून तुम्हाला जागा दिली. पुढच्या खांबावरून नवी ओढतो, संध्याकाळपर्यंत होईल."

"म्हणजे चांगला दात उपटलात!" बाई हसल्या. "लावा लावा, लवकर लावला तर जगतो."

घाई होती, तरी घरच्या वायरीचं टोक त्यांनी नेहमीसारखं तीनदा पुसलं, कारण धुळीचा एक कण बसला तरी प्रकाश अडतो. खट्‌ आवाज आला. फोनवर बायको म्हणाली, "हिरवा," आणि ठेवून दिला.

दुपारी ते चोरासारखे घरात शिरले. बायको खुर्चीत बसून होती.

"त्यांनी विचारलं, लाईन गेली आणि माणूस हवालदिल झाला तर काय कराल? म्हटलं, आत्ताच माझी गेली होती, मीच हवालदिल होते. आधी माझ्याकडचं सगळं तपासलं, मग वायरमनला विचारलं. त्यानं खरं सांगितलं म्हणून चार मिनिटांत आली. थाप मारली असती तर अजून शोधतच बसले असते."

"वायरमन कोण ते सांगितलंस?"

"छे! नोकरी मला माझ्या जोरावर हवी होती." मग तिचा चेहरा एकदम फुलला. "मिळाली! सोमवारपासून."

उजेडरावांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि लाजही तेवढीच वाटली. "तू नसतीस तर माझं एक दिवसही निभलं नसतं," ते म्हणाले. बावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही तिच्या तोंडावर.

सोमवारी सकाळी ते त्याच पेटीपाशी शिडीवर चढले. कोऱ्या चिठ्ठीवर आधी 'घर' लिहिलं. ते खोडलं. मग ठसठशीत अक्षरांत 'मॅडमचं ऑफिस' असं लिहून वायरीला गाठ मारली आणि फोटो बायकोला पाठवला.

लगेच फोन आला, अगदी ऑफिसच्या आवाजात. "नमस्कार. आपली तक्रार मिटली असं लिहून घेऊ का?"

"घ्या, मॅडम," उजेडराव म्हणाले.