लोरेनची चाल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मृणालला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखता? हल्ली मला तोही संशय येतो.

अबू धाबीत आमचा एक हौशी बँड आहे. आठवडाभर ऑफिस, शनिवारी रॉक. मी गिटार वाजवतो, गाणी बसवतो. आमचा ड्रमर जोसेफ, केरळचा. त्याच्याच ओळखीनं लोरेन आली. अमेरिकेच्या दक्षिणेकडची, काळी, पन्नाशीची, इथल्या एका शाळेत म्युझिक टीचर. पहिल्या दिवशी तिनं गिटार गळ्यात अडकवली आणि आम्ही सगळे आपोआप आवाज कमी करून ऐकत राहिलो.

तेव्हापासूनच माझ्या मनात काहीतरी खुपायला लागलं.

"तुम्ही ज्यांना रॉकचे देव मानता ना," ती एकदा म्हणाली, "त्यांनी हे ऐकलं कुठे? माझी आत्या चर्चमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. तिच्यासारख्या कितीतरी बायका होत्या. रेकॉर्डवर नावं आली ती भलत्यांची."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र वाटलं — ही मला टोमणा मारतेय का? मी ज्यांची नक्कल करत आलो, ते सगळे गोरे पुरुषच. तिनं ओळखलं असेल?

मग तो शनिवार. माझं नवीन गाणं काही केल्या उभं राहत नव्हतं. बाकीचे खाली कडक चहा प्यायला गेले. खोलीत आम्ही दोघंच. लोरेननं सहज, मान खाली घालून, एक छोटीशी चाल वाजवली — सुरुवातीला टाकायला. माझं ते मेलेलं गाणं एकदम चालायला लागलं. तेवढ्यात तिला फोन आला, ती बाहेर गेली. मी तीच चाल घोटत बसलो.

जोसेफ दारातूनच ओरडला, "अरे वा! ये किसका है?"

"मेरा," मी म्हणालो.

इतकंच. एक शब्द. तो मागे घ्यायला तेव्हा काय लागलं असतं?

पण मग भीती बसली. ती सांगेल. आज नाही तर उद्या. म्हणून मीच आधी बोललो. जोसेफला गाडीत म्हणालो, "लोरेन बाहर भी बजाती है, सुना है. हमारी धुनें तो नहीं ले जाती?" नुसता प्रश्न. मी आरोप कुठे केला?

पुढच्या प्रॅक्टिसला जोसेफनं तिला तेच सगळ्यांसमोर विचारलं. ती त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत राहिली. तिनं मला संधी दिली होती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी सुरात असलेली तार पुन्हा सुरात लावत बसलो.

"खलास," ती हळूच म्हणाली. इथल्या अरबीत — बस्स, संपलं. गिटार पेटीत ठेवली आणि गेली.

ते गाणं खूप गाजलं. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लोक अजून फर्माईश करतात. खाली नाव माझं. जोसेफ जरा गप्प बसला की वाटतं, याला कळलंय. लिफ्टमध्ये कुणी रोखून बघितलं तरी मी नजर चुकवतो.

मागच्या महिन्यात माझ्या मुलीनं, इरानं, शाळेसाठी प्रेझेंटेशन केलं — रॉक घडवणाऱ्या बायका आणि काळे कलाकार. जेवताना म्हणाली, "सो मेनी ऑफ देम नेव्हर गॉट क्रेडिट, बाबा. हॅव यू मेट समवन लाइक दॅट?"

मी काही बोलायच्या आत मृणाल म्हणाली, "अगं, ती लोरेन होती ना यांच्या बँडमध्ये. काय वाजवायची!"

इरानं लगेच लॅपटॉप ओढला. "हाऊ डू यू स्पेल इट?"

आणि मी — मला कुणीही काही विचारलेलं नसताना — म्हणालो, "तिचं नको घालूस. ती आमच्या चाली चोरायची."

इरानं लिहिलेली अक्षरं पुसली.

ती चाल लोरेनची आहे. चोर मी आहे.