नंबर नसलेली प्लेट

"साहेब, या पेशंटला परत बोलवा. याला घरी जाऊ द्यायला नको होतं," असं मी मेहकरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना ओली प्लेट हातात धरून मोठ्या तोऱ्यात सांगितलं. मला तिथे येऊन जेमतेम चार तास झाले होते. आपण किती जागरूक एक्स-रे टेक्निशियन आहोत हे पहिल्याच दिवशी दाखवायची घाई झाली होती, दुसरं काय.

उजव्या फुफ्फुसात, गळ्याच्या हाडाखाली, अंगठ्याएवढा पांढुरका डाग होता आणि डागाच्या मधोमध एक काळं भोक. डॉक्टरांनी प्लेट खिडकीशी नेली आणि बराच वेळ पाहिली. "कॅव्हिटी आहे," ते म्हणाले. कॅव्हिटी म्हणजे पोकळी. टीबीचे जंतू फुफ्फुस पोखरतात तेव्हा पडते. "नाव काय पेशंटचं?"

नाव कुठून सांगणार? प्रत्येक प्लेटच्या कोपऱ्यात शिशाचे आकडे ठेवून नंबर उठवायचा असतो. या प्लेटवर नंबरच नव्हता. मी लगेच किसनभाऊंवर घसरलो. हे तिथले जुने वॉर्डबॉय, वयाने माझ्या वडिलांएवढे. नंबर न लावता प्लेट आत आलीच कशी, आता हा माणूस कुठल्या गावात शोधायचा, असं बरंच काही बोललो.

किसनभाऊंनी एकदा प्लेटकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"साहेब, हे तं तुमचंच होय. सकाळी मशीनपुढं तुम्हीच नाई का उभे राह्यले? बटन म्याच दाबलं."

माझा आजार मला असा कळला. ज्यांना हा आजार झाला आहे किंवा होईल अशी धास्ती आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझ्याइतके वेंधळे तुम्ही नसाल असं गृहीत धरतो.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी चाळिशीला टेकलो होतो आणि नोकरी अजून कच्चीच होती. जिल्ह्यात कुठला टेक्निशियन रजेवर गेला की महिना-दोन महिने त्याच्या जागी मला पाठवत. बायको वत्सला आणि मुलगी कुंदा देऊळघाटला, भावाच्या भाजीच्या मळ्यावर. कुंदा तीन वर्षांची, लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर झालेली. आणि मी एसटीत, वळकटी मांडीवर घेऊन.

आमच्या मशीनांचे स्वभाव माणसांसारखेच. एका ठिकाणी वीज कमी, दुसऱ्या ठिकाणी प्लेट काळीच येते. म्हणून नव्या गावी पहिल्या दिवशी मी मुदत सरलेली एक फिल्म घ्यायचो, स्वतः मशीनपुढे छाती लावून उभा राहायचो आणि कुणाला तरी बटण दाबायला सांगायचो. प्लेटवर बरगड्या नीट उठल्या की झालं. ती प्लेट पाकिटात घालून वर गावाचं नाव आणि मशीनचे आकडे लिहायचे, पुन्हा तिथे जावं लागलं तर कामाला येतात. त्या दिवशी मात्र ती पेशंटांच्या प्लेटांबरोबर वाळत टांगली आणि विसरलो.

यापूर्वी कधी छातीचा फोटो काढला होता का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी खाली मान घालून ट्रंकेतून पाकिटं आणली.

खिडकीच्या दोरीला त्यांनी चार प्लेटा ओळीने लावल्या. दुपारचं ऊन मागून येत होतं. चार पिंजरे, चारही माझे. दसऱ्याच्या सुमाराची चिखलीची प्लेट स्वच्छ होती. दिवाळीनंतरच्या देऊळगाव राजाच्या प्लेटवर काचेवर कुणी श्वास सोडावा तसा एक धूसर ठिपका. मलकापूरला तो दाट झाला होता. आणि मेहकरला त्याने मधोमध डोळा उघडला होता. कुणी तरी गावोगाव माझ्या मागे येत होतं आणि दर मुक्कामी थोडं जवळ सरकून उभं राहत होतं. आधीच्या तिन्ही वेळा मी ती प्लेट उजेडात धरून पाहिली होती. बरगड्या बरोबर उठल्यात, एवढं पाहून पाकिटात घातली होती.

"दिवाळीत घरी गेला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठवडाभर. संक्रांतीलाही."

"घरात लहान कोण?"

मी नुसतीच तीन बोटं वर केली. त्यांना वाटलं तीन मुलं. एक, तीन वर्षांची, असं मग कसंबसं सांगितलं.

तीन सकाळी थुंकी तपासायची ठरली. तिला स्पुटम म्हणतात. त्यात जंतू दिसले तर तो माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. निकाल येईपर्यंत पेशंटांना किसनभाऊ उभे करणार आणि मी आतल्या डार्करूममध्ये एकट्याने प्लेटा धुणार.

डार्करूम म्हणजे भरदुपारी अंधार. फक्त एक लाल दिवा. पहिल्या दिवशी मी प्लेट औषधात हलवत असताना भिंतीपलीकडून कुणी तरी खोकलं. हलकेच, दोनदा. वॉर्डातला पेशंट असेल, असं वाटलं. बाहेर आल्यावर किसनभाऊंना विचारलं, त्या बाजूला कोण असतं?

"तिकडं कोनी नाई. बुजवलेला आड हाय. आधीच्या साहेबालेबी ऐकू ये."

आधीचा टेक्निशियन कसल्या दुखण्यासाठी रजेवर गेला, हे मी विचारलं. किसनभाऊ बादली उचलून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी श्वास रोखून ऐकत उभा राहिलो. काही नाही. श्वास सोडला आणि तो पुन्हा खोकला. तिसऱ्या दिवशी मी तोंडावर हात दाबून धरला. खोकला भिंतीपलीकडूनच आला, पण माझा तळवा ओला झाला. लाल दिव्यात रक्त दिसत नाही, बरं का. तळवा नुसता ओला दिसतो. उजेडात येऊन पाहिलं तेव्हा त्यात एक बारीक लाल धागा होता.

तापात असे भास होतात, आवाज आपलाच असतो आणि भिंतीवरून परत येतो, असं डॉक्टरांनी समजावलं. खरंच असेल. थुंकीत जंतू सापडले होते. "तुम्ही बरे व्हाल," ते म्हणाले. "आता बायको आणि मुलीचे फोटो आधी काढा."

देऊळघाटला पोचलो तेव्हा कुंदा नेहमीसारखी धावत आली. मी मागे सरलो. तिला तो खेळ वाटला. हसत आणखी जोरात आली. मी कुंपणाला पाठ लागेपर्यंत मागे गेलो. हसताना तिची छाती खालीवर होत होती आणि मला फ्रॉकच्या आत बरगड्याच दिसत होत्या.

वत्सला वांग्याची टोपली घेऊन उभी होती. "काऊन असे पळून राह्यले पोरीपासून?"

मी सांगितलं. ती रडली नाही. टोपली खाली ठेवून एवढंच म्हणाली, "कुंदीले?"

दुसऱ्या दिवशी बुलडाण्याच्या दवाखान्यात मी पहिल्यांदा बाकावर बसलो, पेशंटांच्या बाजूला. तुम्हाला तिथे बसायची वेळ आली तर एक फायदा आहे, आत काय चाललंय ते तुम्हाला कळत नाही. मला मिनिट न् मिनिट कळत होतं. आता औषधात गेली असेल, आता पाण्यात. आता उजेडाला धरली असेल.

टेक्निशियन दाराशी आला. "मुलीचा पुन्हा घ्यावा लागेल."

हे वाक्य माझ्या ओळखीचं. प्लेट बिघडली तर आम्ही प्लेट बिघडली असं सांगतो. काही दिसलं तर एवढंच म्हणतो, अशाच सपाट आवाजात. मी स्वतः किती जणांना म्हटलं असेल. उठलो आणि न विचारता आत घुसलो.

इवल्याशा बरगड्यांमध्ये, बरोबर मध्यावर, पांढरी घट्ट सावली. किती वेळ पाहत होतो कोण जाणे. मग लक्षात आलं की तिला चार कोपरे आहेत. आजाराला कोपरे नसतात. कुंदाच्या फ्रॉकखाली काळ्या दोऱ्यात तांब्याचा ताईत होता. आयुष्यभर लोकांच्या गळ्यातल्या पोती आणि साखळ्या उतरवून घेणारा मी, पोटच्या पोरीचा गळा तपासायला विसरलो होतो. सगळा राग वत्सलावर काढला. हा कधी बांधलास?

"दिवाळीत," ती म्हणाली आणि गाठ सोडवू लागली.

दुसरी प्लेट स्वच्छ आली. वत्सलाचीही. मी दवाखान्याच्या मागे जाऊन भिंतीला डोकं टेकवून उभा राहिलो.

नंतरचं दीड वर्ष थोडक्यात सांगतो. स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे टीबीचं इंजेक्शन, रोज एक. नव्वदपर्यंत मोजली, बसायचे वांधे झाले. आयएनएच नावाच्या बारक्या गोळ्या. आणि पास नावाचं औषध, जे पोटात गेलं की पोटच बाहेर यायला बघतं. तिसऱ्या महिन्यात वजन वाढलं, खोकला थांबला आणि मला वाटलं, झालो बरा. औषध सोडायचा मोह याच महिन्यात होतो. सोडू नका. मी सोडलं नाही ते शहाणपणामुळे नव्हे. वत्सला समोर उभी राहून गिळायला लावायची. मळ्यात वेगळ्या खोपीत राहिलो. कुंदा बांधापलीकडून मला दिवसभराच्या बातम्या ओरडून सांगायची.

मेहकरच्या डॉक्टरांचे आणि किसनभाऊंचे उपकार आहेत. पुन्हा कामावर घेतलं तेव्हापासून प्लेट हातात घेण्याआधी मी माणसाचं तोंड पाहतो. बहुतेकदा तिथेच अर्धं कळतं.

शेवटची प्लेट आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "फायब्रोसिस." म्हणजे जखम भरून राहिलेला वण. ती प्लेट मी घरी आणली आणि ओसरीवर उन्हात धरून वत्सलाला दाखवली, बघ, गेला. तिने बराच वेळ पाहिली.

"मले दिवाळीतच समजलं होतं," ती म्हणाली. "झोपेत खोकलत होते तुम्ही. तवापासून तुम्ही आले का कुंदीले मी माझ्या पल्याड निजवत होती."

मग मला बोलली का नाहीस, असं मी विचारलं.

"तुम्ही दवाखान्यातले माणूस. मले वाटलं तुम्हाले ठाऊक हाय, अन् माझ्यापासून लपवून राह्यले."