लाटण्यावरची लाल टिकली

चहा संपवून घ्या आधी. मी जे सांगणार आहे ते ऐकताना लोकांच्या नाकात चहा गेलेला आहे, आणि मग दोष मला येतो.

तशा माझ्या फजित्या पुष्कळ. पण ही झाली विमानाच्या इंजिनामुळे, आणि तीही बडोद्यात, जमिनीवर, आमच्याच सोसायटीच्या अंगणात. मी विमानात बसलोसुद्धा नव्हतो, बोला.

आमची ऋचा वैमानिक होतेय. छोटी विमानं चालवून झाली, आता मोठ्या प्रवासी विमानाचं शिक्षण चाललंय. परीक्षा तोंडावर आली म्हणून अभ्यासाला घरी आली, ती बगलेत एक गुंडाळी मारून. उलगडली तर कॉकपिटचं चित्र, खऱ्या मापाचं. हॉलमधला आमच्या खापरपणजोबांचा फोटो उतरला आणि तिथे कॉकपिट चढलं.

“सगळेच असा सराव करतात, बाबा. चित्रासमोर बसायचं आणि हात फिरवायचे. फक्त शेजारी दुसरा पायलट लागतो.”

दुसरा पायलट म्हणजे अर्थात मी. रिटायर माणसाला कुणीही कशालाही बसवतं.

चित्रातल्या लिव्हर हलत नाहीत, म्हणून तिनं स्वयंपाकघरातून एक लाटणं आणि एक रवी आणली. दोन इंजिनं, दोन लिव्हर. लाटण्याच्या मुठीवर तिच्या आईची, म्हणजे आमच्या सुनंदाची, लाल टिकली चिकटवली. ते झालं बटण.

“आता उड्डाण. दोन्ही पुढे ढकला. वर गेलो की एक खाच मागे घ्या. ह्या खाचेला क्लाइंब म्हणतात. आता हात काढा.”

“काढला. मग इंजिन कोण बघतं?”

“ऑटोथ्रस्ट. आपण फक्त वेग सांगून ठेवायचा. वेग कमी पडला की कॉम्प्युटर इंजिनाची ताकद वाढवतो, जास्त झाला की उतरवतो. लिव्हर मात्र त्याच खाचेत.”

“अजिबात हलत नाही?”

“आमच्या विमानात नाही. काही विमानांत मोटर लावून हलवतात, पायलटला दिसावं म्हणून. आमच्यात लिव्हर म्हणजे नुसती मर्यादा. याच्या वर जाऊ नकोस, एवढंच. आणि बाबा, लिव्हर इंजिनाला थेट जोडलेलीच नसते. ती फक्त मागणी करते. इंधन किती सोडायचं ते प्रत्येक इंजिनाचा आपला कॉम्प्युटर ठरवतो. इंजिनाला झेपणार नाही असं काही मागितलं, तर तो ऐकतच नाही.”

मला त्या लिव्हरची दया आली, खरं सांगतो. एवढी ऐटीत पुढे उभी, बघणाऱ्याला वाटतं हीच विमान चालवते, आणि आत तिला विचारतो कोण?

“आणि ही टिकली?”

“आता उतरायला आलोय असं धरा. ती दाबली की ऑटोथ्रस्ट सुटलं. पण दाबायच्या आधी लिव्हर मागे आणायची, इंजिन आत्ता जेवढी ताकद देतंय तिथपर्यंत. मग—”

मी टिकली दाबली होती.

“बाबा. आपण उतरायला आलोय. इंजिनं अगदी हळू चालली होती. आता दोन्ही एकदम क्लाइंबवर गेली.”

“मी लिव्हरला हातसुद्धा लावला नाही.”

“तेच सांगतेय. आतापर्यंत लिव्हर कुठे आहे याचं कुणाला काही नव्हतं. ऑटोथ्रस्ट सुटल्याबरोबर ती जिथे असेल, तेवढी ताकद.”

“मग इंजिनाला थोडी अक्कल हवी.”

“अक्कल होती, बाबा. तुम्ही ती बंद केलीत.”

मी हसण्यावारी नेलं. इथेच चुकलो.

आता थोडं माझ्याबद्दल. आमचे खापरपणजोबा गायकवाडीत हत्तीखान्यावर कारकून होते. हत्ती गेले, पण घरात बोलणं हत्तीएवढंच राहिलं. चार माणसं जेवायला यायची असली तरी मी खंडेराव मार्केटामागच्या जयंतीभाई फरसाणवाल्याला सांगतो, शंभर माणसांचं धरा. चार म्हटलं की दुकानदार मान वर करत नाही हो. आणि गंमत बघा, मी शंभर सांगायचो आणि घरी बरोबर पुरेल एवढंच यायचं. वर्षानुवर्षं. मला वाटायचं, जयंतीभाईला माझ्या मनातलं ओळखता येतं. मी चारचौघांत सांगायचोसुद्धा, की याला म्हणतात दबदबा.

तर त्या रविवारी ऋचाचं लग्न ठरायचं होतं. तिनं आणि निखिलनं एकमेकांना कधीच पसंत केलेलं. अडलं होतं निखिलच्या वडिलांच्या होकारावर. दातारांचं छाणीला लहानसं वर्कशॉप. माणूस सरळ, पण थाटमाट म्हटला की डोकं फिरतं. थोरल्या मुलासाठी स्थळ बघायला गेले, तर मुलीकडच्यांनी दारात बँड उभा केलेला. हे चहा न घेता परत आले. ऋचा सारखी म्हणत होती, “बाबा, साधं ठेवा हं. काकांनी एकदा नाही म्हटलं की संपलं.” पोरीचा जीव टांगणीला लागला होता.

नेमकं त्याच वेळी सुनंदाच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ती डभोईला गेली. जाताना म्हणाली, “रविवारी संध्याकाळपर्यंत येतेच. पोहे, चहा, घरचे लाडू. तुम्ही काही करू नका.”

काही करू नका! मुलीचा बाप मी, आणि मी काही करायचं नाही? निदान थोडं फरसाण तरी नको?

गेलो जयंतीभाईकडे. “रविवारी संध्याकाळी मुलाकडचे पाहुणे. शंभर माणसांचं धरा. जिलेबी गरम हवी, तिथेच तळायची. मंडप, खुर्च्या, सगळं आलं पाहिजे.”

“हो साहेब, हो साहेब,” म्हणत जयंतीभाई फाफडा तोलत होते. नेहमीसारखेच, माझ्याकडे न बघता.

“आणि हे बघा, बेनना फोन करायचा नाही. त्यांच्या आईचं ऑपरेशन आहे. या वेळी फक्त माझं ऐकायचं.”

जयंतीभाईंचा हात तराजूवरच थांबला. “बेननो फोन नहीं आवे?”

“नाही.”

त्यांनी हात पुसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. “साहेब, शंभर?”

“शंभर.”

“विचार करी जुओ, साहेब.”

“त्यात विचार काय करायचाय?” म्हणून मी ऐटीत बाहेर पडलो. तुम्ही आत्ता हसताय, म्हणजे तुम्हाला कळलं. मला नव्हतं कळलं.

रविवारी टेम्पो उलटा घेत सोसायटीत शिरला. मंडपाचे पाइप उतरले. मग लाल खुर्च्या, त्या उतरतच राहिल्या. मग एक कढई उतरली, तिच्यात ऋचाला लहानपणी अंघोळ घालता आली असती. पाइपांच्या खणखणाटानं ऋचा बाहेर आली आणि दारातच थिजली.

“जयंतीभाई, हे काय?” मी विचारलं.

“शंभर माणस, साहेब. तमे ज कह्युं.”

“अहो, मी दरवेळी शंभरच सांगतो.”

“दरवेळी मागून बेनचा फोन येतो ना. बेन सांगतात, साहेब शंभर बोलले असतील, तुम्ही पाच धरा. आ वखते तो तमे ना पाडी.”

या वेळी मीच नाही म्हणालो होतो. दबदबा बिबदबा काही नव्हता. सगळी वर्षं माझ्यामागून एक फोन जात होता.

तेवढ्यात मोबाइल वाजला. दातार. “अहो, तुमच्या सोसायटीत कुणाचं तरी लग्न दिसतंय. स्कूटर कुठे लावू?”

काय सांगणार? “लावा कुठेही. ते आपलंच आहे.”

त्यांनी फोन ठेवून दिला. ऋचाच्या डोळ्यांत पाणी आलं. “बाबा, काका आता फाटकातून परत जातील.” मलाही तसंच वाटत होतं. पोरीनं एक गोष्ट मागितली होती, साधेपणा, आणि मी तिला मंडप दिला होता.

दातार आले, पण हेल्मेट काढलं नाही. मागे त्यांची बायको आणि निखिल, दोघंही खाली बघत उभे.

“आम्ही तिघं येतो म्हणून कळवलं होतं,” दातार म्हणाले.

“हो.”

“मग ह्या खुर्च्यांवर कोण बसणार?”

“कुणी नाही,” मी म्हटलं. खोटं सुचेना हो.

आणि फाटकाशी रिक्षा थांबली. सुनंदा पिशवी घेऊन उतरली. तिनं मंडप बघितला, कढई बघितली, मग मला बघितलं. आणि सरळ कढईकडे गेली.

“जयंतीभाई, जिलेबीचं भिजवलंय तेवढं तळा, बाकी काही करू नका. चार खुर्च्या ठेवून उरलेल्या टेम्पोत चढवा.” मग गच्चीत गर्दी करून बघणाऱ्या शेजाऱ्यांना म्हणाली, “बधा नीचे आवो, जिलेबी खायला या.” आणि दातारांना, “भाऊजी, हेल्मेट काढा. पोहे टाकते.”

दातारांचा हात आपोआप हेल्मेटकडे गेला.

आत आले, तर समोर भिंतभर कॉकपिट. माणूस वर्कशॉपवाला, तिथेच थबकला. “हे काय आहे?” ऋचानं डोळे पुसले, त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं, हातात लाटणं दिलं आणि सगळं समजावलं. खाच, मागणी, मर्यादा, टिकली, आणि ओघात आईच्या फोनांचंही. दातार मान हलवत ऐकत होते. मग लाटण्याकडे बघितलं, खिडकीतून मंडपाकडे बघितलं, शेवटी माझ्याकडे.

“म्हणजे लिव्हर तुझे बाबा?”

“हो, काका.”

“आणि ऑटोथ्रस्ट वहिनी.”

“हो.”

“मग टिकली दाबली कुणी?”

“लिव्हरनंच,” ऋचा म्हणाली.

दातार जे हसले, जे हसले, की त्यांच्या बायकोनं पाठीवर थापा मारल्या. म्हणाल्या, हे घरात असं कधी हसत नाहीत. दोन ताटल्या पोहे संपवून दातारांनी सुनंदाला सांगितलं, “वहिनी, लग्न ठरलं समजा. अट एकच. पुढचं सगळं मी तुमच्याशी बोलणार.”

मी घसा साफ केला. “पण मुलीचा बाप म्हणून मी—”

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “तुम्ही खाचेत राहा.”

ऋचा परीक्षा पास झाली. टिकली दाबायच्या आधी लिव्हर मागे घ्यायला ती म्हणे आता जन्मात विसरणार नाही. मीही सुधारलो. परवा जयंतीभाईला फोन केला, “पाव किलो शेव पाठवा. पावच. या वेळी खरंच पाव.”

“हो साहेब, हो साहेब.”

संध्याकाळ झाली तरी शेव येईना. पुन्हा फोन लावला.

“तैयार ज छे, साहेब,” जयंतीभाई म्हणाले. “बेननो फोन आवे एटली ज वार. बेनचा फोन आला की लगेच पाठवतो.”

मी फोन धरून ठेवला आणि सुनंदाला हाक मारली.