सरूबाईची धुतलेली गोधडी

मंडळातल्या मैत्रिणींनो, आज लोणावळ्याच्या आपल्या प्रदर्शनात सरूबाईच्या गोधडीला पहिलं बक्षीस मिळालं. पुढचं या वहीत मलाच लिहायला हवं.

इंदुरी गावाहून आली तेव्हा त्या गोधडीला तंबाखूचा वास होता. मला लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी लावलेली स्वच्छतेची शिस्त. मी गोधडी रिठ्याच्या पाण्यात धुऊन मांडली.

बक्षीस घेतल्यावर सरूबाईनं गोधडी नाकाशी धरली.

"बाई, तुमी धुतली व्हय?"

"हो. छान दिसते ना?"

"दिसती लय चांगली. आत मालकांचा पटका हाय. ते गेल्यावर तेवढा वास ऱ्हायला हुता."

माझा चेहरा पाहून तिनंच माझ्या पाठीवर हात ठेवला.

प्रदर्शनासाठी 'वस्तू धुतलेली असावी' हा नियम माझाच. आत्ताच तो खोडला. पण सरूबाईला काय सांगू, कुणी सांगाल का?