जीवराम मिस्तरीची चुकलेली परीक्षा

जीवराम मिस्तरी गाडी वरून कधी बघत नसे. गिऱ्हाईक बिचारं फडक्यानं बॉनेट पुसून, सीटवर नवं कापड चढवून गाडी आणायचं, आणि मिस्तरी तिच्याकडे ढुंकूनही न बघता सदरा काढून खिळ्याला लावायचा. मग पोतं अंथरायचं, उताणं होऊन खाली शिरायचं आणि छोट्या हातोडीनं पुढून मागं टक् टक् करत सरकायचं. चासीचा, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचा, आवाज ऐकायचा. आवाज खणखणीत आला तर माणूस बोलत बोलत बाहेर येई. मुका आला तर बाहेर यायला वेळ लागे, आणि गिऱ्हाईकाला तेवढ्यातच कळून जाई.

"इंजिन मेलं तर दुसरं घालता येतं, टप चेपला तर ठोकता येतो," तो म्हणे, "चासी गेली की गाडीले हात जोडावे."

असोद्याहून सायकलवर यायचं, जळगावात नेरी नाक्याजवळच्या पत्र्याच्या गॅरेजात दिवसभर लोखंड ऐकायचं, आणि दिवेलागणीला परत. पस्तीस वर्षं हेच. एवढ्या वर्षांत त्याची परीक्षा एकदाही चुकली नव्हती. शेजारच्या गॅरेजातला तोताराम चिडवायचा, "मिस्तरी, माह्या पोरीले स्थळ आलं हाये. पोराच्या खाली जाऊन जरा टकटक करून येता का?" हसण्यावारी जायचं; पण जीवरामनं गाडीला भंगार म्हटलं की दुसऱ्या कुणाला विचारायची पद्धत नव्हती, हेही खरं. त्याच्याकडे शेती नव्हती, शिक्षण चौथीपर्यंत. जे होतं ते एवढंच होतं. त्याचा शब्द.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या चैत्रात दोंडाईच्याहून रतिलाल शेठचं कार्ड आलं. शेठची तिथे जुनी जिनिंग फॅक्टरी होती, कपाशीतली सरकी काढायचा कारखाना. तो बंद पडून जमाना झाला होता. आता आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, जागा दुसऱ्याच्या ताब्यात जाणार होती आणि शेठ कायमचे सुरतेला निघाले होते. राहिली होती शेडमधली गाडी. त्यांच्या वडिलांनी एकोणीसशे छत्तीस साली आणलेली, विलायतेहून बोटीनं आलेली. कंपनीचं नाव इथे नको. का नको ते पुढे कळेल. तशा गाड्या उभ्या हिंदुस्थानात चार-पाचच आल्या होत्या म्हणे. कार्डावर लिहिलं होतं, 'गाडी उभी करण्यालायक असेल तर तुमच्याच हातून उभी करू. नसेल तर तुम्ही म्हणाल ते.'

मिस्तरीनं कार्ड दोनदा वाचलं. ही गाडी त्यानं बघितली होती. दहा वर्षांचा असताना धरणगावात मामाच्या गावी वरातीत. नवरदेव कसा होता ते आठवत नव्हतं. पुढचे दोन दिवे आठवत होते, पितळेचे, पातेल्याएवढे. त्या रात्री त्यानं जेवण केलं नव्हतं. आता अशी गाडी आपल्या गॅरेजात येणार म्हटल्यावर माणसाचं काय होतं ते बायकोला, शेवंताबाईला, दिसलंच.

"लग्नाले निघाले का?" ती म्हणाली. मिस्तरी इस्त्रीचा सदरा घालून पॅसेंजरला निघाला होता, आणि तो सदरा पोहोचल्यावर काढायचाच होता.

शेडचं दार उघडलं तेव्हा मिस्तरी क्षणभर उंबऱ्यातच उभा राहिला. बाहेर चैत्राचं ऊन आणि आत गाडी लखलखत होती. पितळी दिव्यांत त्याला स्वतःचं तोंड दिसलं. गादीवर धुवट चादर, चाकांखाली ठोकळे, टपावर धुळीचा कण नाही.

"हे सगळं भागाबाईचं काम," शेठ म्हणाले. "आमच्या ड्रायव्हरची बायको. अभिमन गेला सहासष्टला. तेव्हापासून हीच बघते. आम्ही सांगितलं नव्हतं, बरं का."

भागाबाई भिंतीशी उभी होती. साठीची, हडकुळी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. तिनं चहाची कपबशी पुढे केली. "भाऊ, चहा ल्या. मंग दखा."

"आधी दखू, अक्का," मिस्तरी हसून तिच्याच बोलीत म्हणाला. त्यानं पुढे जाऊन हँडल घातलं आणि अर्धा फेरा दिला. इंजिन फिरलं, अडकलं नाही. बावीस वर्षं उभ्या असलेल्या गाडीचं! त्यानं वळून तिच्याकडे बघितलं.

"दर सोमवारे अर्धा फेरा," ती नवऱ्याचा शब्द सांगावा तशी म्हणाली. "त्यास्नी सांगेल व्हतं. नही फिरावं तं गाडीना जीव जास."

मिस्तरीला त्या घटकेला वाटलं, झालं. घेऊन जाऊ हिला. त्यानं सदरा काढला, पोतं अंथरलं आणि खाली शिरला.

पहिली टक्. पुढच्या टोकाला आवाज बरा होता. दुसरी टक् अशी आली, जशी ओल्या भिंतीवर थाप मारावी. मग पुढे सरकत गेला तसतसा आवाज बसतच गेला. त्यानं खिशातला पेचकस काढून चासीच्या कडेला टेकवला, जोर न लावता. तो आत गेला. ज्वारीची पापडासारखी बिबडी मोडावी तशी लोखंडाची खपली निघाली, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, आणि मग पेचकसाचं टोक पलीकडे दिसलं. डाव्या बाजूला तसंच. मधल्या आडव्या पट्ट्यांना तर नुसतं बोट पुरलं.

वरून पाणी गळण्याची खूण नव्हती. पत्रे शाबूत, टप कोरडा. मग ओल आली कुठून? मिस्तरीनं मान वळवली तर नाकाला ओळखीचा वास लागला. शेणाचा. त्याच्या पाठीखालची जमीन ताजी सारवलेली होती. बोटांचे अर्धगोल, एकाला लागून एक, गाडीच्या कडेपासून थेट मध्यापर्यंत. मध्यापर्यंत हात पोहोचवायला बाईमाणसाला पोटावर पडून सरपटत यावं लागलं असणार. हातोडी छातीवर ठेवून मिस्तरी ते अर्धगोल बघत पडून राहिला.

दर थोड्या दिवसांनी ओली जमीन, वर बंद शेड. ओल वर जायची ती चासीला चिकटायची. बावीस वर्षं.

"मिस्तरी, झोपलात की काय?" शेठ बाहेरून म्हणाले.

त्याला बाहेर यायला वेळ लागला. भागाबाईनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि चहाची बशी खाली ठेवली.

"नाही होणार, शेठ," मिस्तरी म्हणाला. "चासी खलास हाये."

"नवी बनवून नाही बसवता येणार?"

"येईल. मंग गाडी ती राहणार नाही, तिचं सोंग राहील. दिवे, इंजिन कुणी नेत असंल तं द्या. बाकीचं भंगार." हे बोलताना त्यानं पितळी दिव्यांकडे बघायचं टाळलं.

शेठनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलं, पण सुरतेच्या माणसाला वाटावं तेवढंच. भागाबाई मात्र पुढे आली. तिनं बॉनेटवर हात ठेवला.

"काय चुकनं मनं, भाऊ?" ती म्हणाली. "इले धूळ लागू दिन्ही नही मी. घरनी लक्ष्मी शे म्हनीसन पायखालनी जमीन बी कधी उघडी ठेवी नही. दर सोमवारे, शुक्रवारे सारवं. दुखनं ऱ्हायनं तरी सारवं. मंग कसं सडनं?"

शेठही आता मिस्तरीकडे बघत होते. सडण्याचं कारण त्यांनाही हवं होतं.

मिस्तरीनं सदरा झटकला, बाह्या सरळ केल्या, गुंड्या लावल्या. एकेक गुंडी लावायला त्यानं एवढा वेळ कधी घेतला नव्हता.

"तुमचं काहीच चुकलं नाही, अक्का," तो म्हणाला. "लोखंडच हलकं हाये हिचं. कंपनीनं माल खोटा घातला. दुसऱ्या कुणाकडे असती तं दहा वर्षांतच बसली असती. तुमच्या हातानं एवढी तरली."

"आसं?"

"मी चासी ऐकली ना."

भागाबाई कपबशी उचलून म्हणाली, "चहा थंडा व्हयना. दुसरा आनस."

गाडी उचलायला इंदूरचा एक शौकीन माणूस आला. दिवे आणि इंजिन त्याला हवं होतं; चासी ट्रकात आलीच म्हणून गेली. पावसाळ्यानंतर शेठ कामासाठी जळगावात आले, ते गॅरेजवर आले. तोताराम आणि आणखी दोघं-तिघं मिस्तरी चहा पीत बसले होते.

"मिस्तरी, इंदूरवाल्यानं लोखंड तपासून घेतलं," शेठ म्हणाले. "तो म्हणतो, असं अव्वल लोखंड आता मिळत नाही. खालून ओल लागली म्हणून खाल्लं. कंपनीचा दोष नव्हता. तुमची परीक्षा चुकली."

जीवराम हातातला पाना पुसत होता, तो पुसतच राहिला.

"चुकली असंल, शेठ," तो म्हणाला. "वय झालं. कान पहिल्यासारखे राहिले नाहीत."

तोतारामानं त्या दिवशी चिडवलं नाही, यावरून काय ते समजावं. पण गोष्ट नाक्यावर राहिली नाही. ज्याला गंज आणि खोटा माल यातला फरक कळत नाही त्याला गाडी दाखवायची कशाला, असं एकानं म्हटलं, मग दुसऱ्यानं. दिवाळीपर्यंत परीक्षेला येणाऱ्या गाड्या तोतारामाकडे वळू लागल्या. जीवरामकडे पंक्चर, ब्रेक, ग्रीस राहिलं. तो तेही पोतं अंथरून नीट करायचा.

"खरं सांगून टाकायचं होतं की," शेवंताबाई एकदा म्हणाली. घरात तेवढं त्यानं तिला सांगितलं होतं. "निदान शेठले तरी. बाजूले नेऊन."

"शेठच्या तोंडून तिच्याकडे गेलं असतं."

"मंग गेलं असतं. तुमच्या पस्तीस वर्षांचं काय?"

"तिची बावीस होती," जीवराम म्हणाला, आणि सायकलची हवा बघायला बाहेर गेला.

भागाबाई भाच्याच्या घरी गेली होती, दोंडाईच्याजवळच. पुढच्या आखाजीला पॅसेंजरनं भटू नावाचा हमाल एक फडक्यात बांधलेली चळत घेऊन गॅरेजवर आला. ज्वारीच्या बिबड्या होत्या, एकही मोडली नव्हती.

"म्हातारीनं धाडल्यात," भटू म्हणाला. "गावभर सांगत असते, गाडी माझ्या हातानं गेली नाही, कंपनीचाच माल खोटा होता. कुणी नाही म्हटलं तर म्हणते, जळगावच्या जीवराम मिस्तरीला विचारून या."

"येतात का कोणी विचारायला?"

"कशाला येतील? तुमचं नाव घेतलं की गप्प बसतात."

नाक्यावर आता त्याच्या नावानं कुणी गप्प बसत नव्हतं. जीवरामनं फडकं पुन्हा बांधलं, एकही बिबडी मोडू न देता, आणि सायकलच्या हँडलला लावलं. मग पोतं घेतलं. ग्रीस मारायला आलेली एक जीप उभी होती. तो खाली शिरला. काम ग्रीसचंच होतं, तरी हातोडी काढून त्यानं पुढून मागं एकदा टक् टक् केलंच.